ओटा आधी की रेघ आधी

बोरधरा, मंडल तामसी
६ जुलै २०२५

मयूरीस आजीचा जयभीम.

तू धड असशील आणि होस्टेलातलं पाणचट वरण पचवत असशील असं धरून चालते. इकडे धड काहीच नाही.

माझा फोन का लागत नाही म्हणून बापाला विचारत बसू नको. परवा त्याच्याशीच, विनयशी बोलत होते, दारात पाय घसरला आणि फोन नालीत गेला. काठीनं ढवळून पाहिलं. एक उंदीर निघाला, फुगून टम्म झालेला. फोन निघाला नाही. नवा घेणार नाही, त्यात पाहण्यासारखं तोंड माझ्या ओळखीत कोणाचं नाही. म्हणून हे पत्र. द्वारकाबाई तुमच्या होस्टेलात भाकऱ्या थापायला सोमवारच्या बसनं जाते आणि शनिवारी परत येते, तिच्या पिशवीत टाकते. वाचताना तिचा कांद्याचा वास येईल तर येऊ दे. माझ्या दारात येतो त्यापुढं तो अत्तर आहे.

मी दुसरी पास. लिहिताना शाळेतल्या मास्तरासारखं लिहिते, बोलताना जीभ आपली. मधेच घसरले तर हसू नको.

आता ऐक. पंचायतीनं वरच्या गावापासून सिमेंटची नाली काढली ती तुला ठाऊक आहे. ती संक्रांतीच्या सुमारास आपल्या दारापर्यंत आली आणि तिथंच मेली. ठेकेदार म्हणाला, पुढं तुमचा ओटा आहे, जागा नाही. सामान उचललं आणि गेला. तेव्हापासून साऱ्या गावाच्या आंघोळीचं, खरकट्याचं, गोठ्याचं पाणी माझ्या ओट्याला येऊन टेकतं आणि थांबतं. वर हिरवी साय धरते. सायीवर गुटख्याच्या पुड्या. पुड्यांवर माश्या. खाली अळ्या वळवळतात त्या वरून दिसतात, इतक्या जाड झाल्या आहेत. जेवताना मी दाराकडं पाठ करून बसते, तरी घास नाकातून खाल्ल्यासारखा लागतो.

माझं मी सोसलं असतं. पण तुझी ताई दीपमाला बाळंतपणाला इथं येणार आहे. भैंशाला तुझ्या बापाची एकच खोली, त्यात तुझी माय आणि जिनिंगच्या कापसाची धूळ. सातवा लागला की ऑगस्टात तिला आणायचं. पोटुशी पोरगी या घाणीवर फळी टाकून घरात येईल का? आणि पुढं ते नुकतं जन्मलेलं कोवळं पोर या मच्छरांत निजवायचं का?

पंचायतीच्या सेक्रेटरीकडं चार वेळा गेले. तो तेलुगूत बोलतो, मी मराठीत बोलते, दोघांनाही सगळं कळतं आणि दोघंही कळलं नाही असं दाखवतो. माझ्या मराठी अर्जाकडं त्यानं असं पाहिलं जसं मी नालीकडं पाहते. शेवटी हिंदीत म्हणाला, "इंग्लिश में लाओ अम्मा, ऊपर भेजना है."

तर तू इंग्रजी शिकून राह्यली आहेस, लिही. घर जुनं आहे. ओटा जुना आहे. नालीसाठी चुन्याची रेघ त्यांनी मागून मारली. तेव्हा नाली समोरच्या बाजूनं न्यावी. समोर शकुबाईचं दार आहे, तिच्या बाजूला जागा मोकळी आहे.

हो, तीच शकुबाई. तिच्या दारापुढं कोरडं ठक्क. सकाळी मशेरी लावत बसते आणि इकडं बघते. बोलत काही नाही. तिचं ते न बोलणंच मला अळ्यांपेक्षा ओंगळ वाटतं. तुम्हा दोघी बहिणींना जन्मल्यावर तिनंच न्हाऊ घातलं हे माहीत आहे मला, सांगायला नको. न्हाऊ घातलं म्हणून जन्मभर तिच्या पाया पडायचं का?

अर्ज लवकर दे.

चंपाबाई

०

आदिलाबाद
११ जुलै २०२५

प्रिय आजी,

जयभीम. पत्राला खरंच कांद्याचा वास होता. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला वाटलं तू भजी पाठवलीस.

अर्ज लिहिते. आणि गंमत म्हणजे तू अगदी वेळेवर सांगितलंस. आमच्या प्रगती मॅडम सध्या इंग्रजीतला पास्ट परफेक्ट शिकवत आहेत आणि त्यांनी सांगितलंय की प्रत्येकीनं तो वापरून एक खरा अर्ज लिहायचा. पुस्तकातला नाही, आपल्या घरचा.

तुला समजावून सांगते, कारण तुझ्याकडून मला माहिती लागेल. झालेल्या गोष्टी इंग्रजीत दोन पायऱ्यांवर ठेवतात. एक गोष्ट झाली, ती खालची पायरी. तिच्याही आधी दुसरी झालेली होती, ती अजून खालची, आणखी मागची. त्या मागच्या गोष्टीला हॅड लावायचा आणि क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं. गो, वेंट, गॉन. त्यातलं गॉन. बिल्ड, बिल्ट, बिल्ट. त्यातलं शेवटचं बिल्ट. पुस्तकात उदाहरणं आहेत: डॉक्टर आला त्याआधी रोगी मेला होता. आम्ही स्टेशनवर पोचलो त्याआधी गाडी गेली होती.

पहिल्या दिवशी माझी वही लाल झाली. आपण घरी किती सहज म्हणतो ना, "काल मी बाजारात गेले होते", "सकाळी मी भाकरी खाल्ली होती". मी तसंच लिहिलं. येस्टर्डे आय हॅड गॉन टू द मार्केट. मॅडमनी हॅडभोवती गोल काढला आणि शेजारी मराठीत लिहिलं, "कशाच्या आधी?" त्या वांकिडीच्या आहेत, घरी आपल्यासारखंच बोलतात. वर्गात म्हणाल्या, "आपली ही खास चूक आहे पोरींनो. आपल्याला होतं म्हणायची सवय, पण कशाच्या आधी ते कोणी विचारत नाही. इंग्रजीत एकट्या गोष्टीला हॅड नाही. दोन गोष्टी पाहिजेत, आणि त्यात आधीची कोणती ते लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक पाहिजे."

म्हणून आजी, मला पक्कं सांग. ओटा आधी बांधला की चुन्याची रेघ आधी मारली? मी आधी भैंशाला आणि गेली दोन वर्षं इथं, मला बघितल्याचं आठवत नाही. सुटीत आले तेव्हा ताईच्या लग्नाच्या गर्दीत कशाकडं लक्ष नव्हतं.

वाक्य मी असं केलंय, तुला वाचता यावं म्हणून आपल्या अक्षरात लिहिते: माय ग्रँडमदर हॅड बिल्ट हर ओटा बिफोर द लाइन वॉज ड्रॉन. म्हणजे रेघ मारली त्याआधी माझ्या आजीनं ओटा बांधला होता. तू हो म्हटलंस की पक्कं करते.

तुझी,
मयूरी

०

बोरधरा
१३ जुलै २०२५

मयूरीस,

डॉक्टर आला तर रोगी मेलेला, स्टेशनात पोचलं तर गाडी गेलेली. तुमच्या इंग्रजीत सगळं उशिराच होतं काय? असल्या भाषेत अर्ज केला तर नाली माझ्या तेराव्याला बांधतील. आपल्यात तेरावं नाही म्हणून तेवढी वाचले.

आणि पायऱ्या मला शिकवू नको. मला तारखा येत नाहीत, मी जन्मभर आधी-मागूनवरच चालले. तुझा बाप झाला तो हातपंप बसल्यावर आणि शाळेला पत्रे लागायच्या आधी. तुझा आजा देवाजी गेला तो वीज आल्यावर आणि रस्ता डांबरी व्हायच्या आधी. यात हॅड कुठं ठोकायचा तिथं ठोक.

विचारलंस म्हणून सांगते. ओटा आधी. रेघ मागून. लिही आणि मोकळी हो. म्हाताऱ्या बाईला दोनदा विचारायचं नसतं.

इकडं ओकारीला अंत नाही. काल कोणाचं तरी मेलेलं कोंबडीचं पिल्लू वाहत आलं आणि ओट्याच्या दगडाला लागून बसलं. मी फावड्यानं उचललं तर पाय फावड्यात आले आणि बाकीचं पाण्यात राहिलं. त्या दिवशी मी जेवले नाही. वरच्या गल्लीतून चंपतराव पाटील बैल घेऊन चालला होता, नाकाला उपरणं लावून म्हणतो कसा, "काय वो चंपाबाई, लई वास येऊन राह्यला तुमच्या इकडं." मी म्हटलं, "तुमचाच हाय तो मालक, खालच्या अंगाले आला म्हनून आमचा झाला का?" गेला बैल हाकत.

पिढ्यान् पिढ्या यांचं पाणी आपल्या वस्तीत. माझ्या सासूच्या वेळी मातीची चर होती, आता सिमेंटची आहे. घाण तीच, रस्ता पक्का झाला.

मला काळजी दीपमालाची. तिचा नवरा करण मोठा टापटिपीचा. लग्नात आठवते ना, त्याची गाडी पार आपल्या उंबऱ्याला येऊन लागली होती. नवरदेव बूट न मळवता घरात आला. त्याच्या मामानं तर चाकांना चुना लागला म्हणून केवढी कुरकुर केली, मी ओलं फडकं घेऊन चाकं पुसली. आता ती गाडी कुठं उभी करील? चावडीपाशी. आणि तिथून पोटुशीला चालवत आणील, नाकाला रुमाल लावून. तो रुमाल मला आतापासून दिसून राह्यला आहे.

अर्ज धाड.

चंपाबाई

०

आदिलाबाद
२५ जुलै २०२५

प्रिय आजी,

अर्ज गेला!

सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज घेतात, तिथं प्रगती मॅडम मला स्वतः घेऊन गेल्या. अर्जाखाली तुझं नाव, त्याखाली लेखिका म्हणून माझं नाव आणि सही. टेबलापलीकडच्या साहेबांनी उभ्याउभ्या वाचला आणि तेलुगूत विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. ते शेजारच्याला म्हणाले, "या मुलीनं क्रम बघा किती नीट लावलाय. आधी काय, नंतर काय, एका वाचनात कळतं." मग त्यांनी त्यावर लाल शाईनं काहीतरी लिहिलं. आपल्या अर्जावर लाल शाई चांगल्या कारणानं पडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मॅडमनी त्याची नक्कल वर्गातल्या फळ्यावर लावली आहे. नमुना म्हणून. सगळ्या मुली त्यातली वाक्यं उतरवून घेतात. आता त्या सगळ्यांना पाठ आहे की तू ओटा आधी बांधला होतास.

पुढच्या आठवड्यात एक गृहपाठ आहे: घरच्या एखाद्या पत्रातून दहा गोष्टी काढायच्या, त्यांचा क्रम लावायचा आणि वाक्यं करायची. मी तुझी पत्रं घेणार. त्यात गोष्टी भरपूर आहेत, अळ्यांसकट.

इंजिनीअर आले का कळव.

तुझी,
मयूरी

०

बोरधरा
१० ऑगस्ट २०२५

मयूरीस जयभीम.

आले. बुधवारी जीप आली. इंजिनीअर म्हणजे एक कोवळा पोरगा, बुटाला चिखल लागू नये म्हणून बदकासारखा चालणारा. हातात तुझा अर्ज. मोठ्यानं वाचला, मान हलवली, सेक्रेटरीला झापलं. "ओटा पहले से है तो लाइन इधर से क्यों डाला?" सेक्रेटरीचं तोंड नालीत पडल्यासारखं झालं. मग दोन माणसांनी चुन्याचं घमेलं घेऊन नवी रेघ मारली. समोरून. शकुबाईच्या दाराला खेटून, तिच्या वळचणीखालून, तिच्या मशेरीच्या दगडावरून पार ओढ्यापर्यंत. गणपती उठले की खोदकाम. माझ्या दारापुढचं सगळं तिकडं वळवणार.

तर झालं. मी म्हटलं तसं झालं.

शकुबाई दारात उभी होती. चुना तिच्या पायावर उडाला. गल्लीतल्या बाया माझ्याकडं बघत होत्या, तिच्याकडं बघत होत्या, आणि मग सगळ्यांनाच घरात एकाएकी कामं निघाली. इंजिनीअरनं विचारलं, "अम्मा, तुमको कुछ बोलना है?" तिनं मान हलवली. नाही. मग आत गेली आणि झाडू घेऊन आली आणि पायरीवरचा चुना झाडला. रेघेवरचा नाही. तेवढा पायरीवरचा.

मला तिची चीड आली. माणसानं भांडावं. शिव्या द्याव्यात. मी तयारी करून उभी होते, पदर खोचून, चार चांगल्या शिव्या जिभेवर होत्या. त्या तशाच गिळल्या. रात्री ताट तसंच सारलं. भाजी शिळी असेल.

दीपमाला एकवीस तारखेला येते.

चंपाबाई

०

आदिलाबाद
१५ ऑगस्ट २०२५

आजी,

झेंडावंदन झालं, लाडू मिळाले, मी खाल्ला नाही.

गृहपाठासाठी मी तुझी पत्रं पुढं घेऊन बसले. एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहिली आणि चटईवर क्रमानं मांडत गेले. हातपंप, वडिलांचा जन्म, शाळेचे पत्रे. ते सगळं बसलं. मग लग्न, रेघ, ओटा, नाली. ते बसेना.

तू लिहिलंस, करणभावजींची गाडी उंबऱ्याला लागली होती. द्वारकाबाईला विचारलं, ती म्हणाली आपला ओटा आता उंबऱ्यापासून पुढं चार हात आहे. तिथं ओटा असता तर गाडी उंबऱ्याला लागली नसती. आणि तू लिहिलंस, चाकांना चुना लागला. चुना कशाचा?

माझ्या पेटीत लग्नाचा फोटो आहे. मी आणि ताई गाडीच्या दाराशी. मी तो हजारदा पाहिलाय, पण त्यात ताईची साडीच पाहिली. आता खाली पाहिलं. गाडीच्या चाकाखालून पांढरी रेघ गेली आहे, सरळ आपल्या दारापुढून. ओटा नाही.

म्हणजे रेघ आधी होती. मग लग्न झालं. मग तू ओटा बांधलास. रेघेवर.

आजी, का?

मी दोनदा विचारलं होतं का तुला? एकदाच विचारलं होतं आणि तू सांगितलंस ते मी खरं धरलं, कारण मॅडम म्हणाल्या होत्या लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक पाहिजे, आणि मला तुझ्यापेक्षा पक्कं दुसरं काही ठाऊक नव्हतं. आता त्या खोट्याखाली माझी सही आहे. वर्गातल्या चाळीस मुलींच्या वहीत ते वाक्य आहे. व्याकरण बरोबर आहे त्याचं. एक चूक नाही.

आणि त्या वाक्यानं शकुआजीच्या दारात नाली चालली आहे. तिनं मला पायांवर निजवून तेल लावलं होतं म्हणतात. ते कशाच्या आधी, हे आता मला नीट ठाऊक आहे.

फळ्यावरची नक्कल मी काढली. मॅडमनी विचारलं का काढलीस. मी म्हटलं, सांगते, दोन आठवडे द्या. मी त्यांना सांगणार आहे. फक्त आधी तू मला सांग.

मयूरी

०

बोरधरा
७ सप्टेंबर २०२५

मयूरीस,

तुझं पत्र द्वारकाबाईनं दिलं तेव्हा मी वाचलं आणि चुलीत घालायला उठले. चूल विझलेली होती, म्हणून राहिलं. तीन आठवडे पत्र नाही पाठवलं ते हात दुखत होते म्हणून. कशानं दुखत होते ते पुढं येईल.

तू मांडलंस ते तसंच आहे. आधी रेघ मारली, आपल्या दारापुढून. मी त्या रेघेकडं बघितलं आणि मला किळस आली. म्हटलं, आयुष्यभर वरच्यांची घाण माझ्या सासूच्या दारात, मग माझ्या दारात, आणि आता सिमेंट करून कायमची माझ्या दारात? लग्न उरकलं आणि गवंडी लावून दोन दिवसांत रेघेवर ओटा घातला. मला वाटलं, अडथळा पाहून नाली समोरून नेतील. समोर कोण आहे ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं की आता एकदा दुसऱ्या कोणाची पाळी. पण ठेकेदार माझ्यापेक्षा आळशी निघाला. त्यानं समोरून नेली नाही, माझ्या ओट्याशी आणून सोडली. ज्या घाणीला मी सहा महिने शिव्या दिल्या, ती मीच दगड लावून अडवलेली होती. हे गल्लीतल्या कुत्र्याला ठाऊक होतं. तुला तेवढं ठाऊक नव्हतं, म्हणून अर्ज तुझ्याकडून लिहून घेतला. दुसऱ्या कोणी लिहिला नसता.

आता एकवीस तारखेचं ऐक. करणची गाडी चावडीपाशी थांबली. रुमाल नाकाला होता, मी म्हटलं होतं तसाच. दीपमाला चालत आली, पोट हातानं धरून. मी ओट्यावरून पलीकडं फळी टाकून ठेवली होती. पोरगी फळीपाशी आली, खाली तिनं त्या सायीकडं बघितलं आणि तिथंच भडभडून ओकली. करण दोन पावलं मागं सरला, बूट सांभाळत. मी फळीच्या या टोकाला. मला पलीकडं जाता येईना, फळीवर तिची ओकारी पसरलेली.

समोरून शकुबाई आली. नवी रेघ ओलांडून. पोरीचा हात धरला, "इकडून ये मा, इकडं कोरडं हाय," आणि तिला आपल्या दारात नेऊन बसवलं. चूळ भरायला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. तिच्या पायाखाली चुना, आणि तिथं ती पोरीला म्हणते, "इथी कोरडं हाय." किती दिवस कोरडं? पंधरा?

मी माझ्या ओट्यावर उभी. एवढा चार हातांचा ओटा, आणि त्यावर मी एकटी. मला माझीच शिसारी आली. नालीची सवय झाली होती, ही नवी होती.

दीपमाला निजल्यावर संध्याकाळी मी मागच्या वाटेनं शकुबाईच्या दारी गेले. तिनं मशेरीची डबी पुढं सरकवली. मी घेतली नाही.

म्हटलं, "शके, रेघ दिसली ना तुले?"

"दिसली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू ओटा बांधला तवाबी दिसला होता मले. तुह्या गवंड्याले च्या मीच पाजला. तुले तर सुचत नवतं."

"मंग तवा काऊन नाई बोलली? इंजिनीअर विचारून राह्यला होता तोंडावर."

तिनं मशेरीचं बोट काढलं, थुंकली. "बोलली असती तर तू तोंड टाकलं असतं. आन तू तोंड टाकलं का वर्ष वर्ष सोडत नाई. मंग ह्या पोरीले न्हाऊ कोन घालतं? लेकराले तेल कोन लावतं? तू? तुह्या हातानं ज्वारीची भाकर धड थापल्या जात नाई, लेकरू काय थापशील."

मी म्हटलं, "म्हनून दारात नाली घेतली?"

"नाली सिमेंटची हाय, फोडता येते. तू सिमेंटची नाई, तुले फुटाले वेळ लागते."

मी उठून आले. रडले-बिडले नाही, उगाच तसलं काही मनात आणू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आज्याची पहार माळ्यावरून काढली. पहिला घाव घातला तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडली. घाव घालताना ती घाण उडून तोंडावर आली. ओठावर आली. थुंकले आणि घातला दुसरा. तिसऱ्या दिवशी शकुबाई घमेलं घेऊन आली. माती ती उचले, दगड मी. दिवसभरात एकच वाक्य बोलली: "गवंड्यानं सिमेंट खाल्लं, नायतर एवढ्या लवकर फुटते का?"

सहा दिवस लागले. म्हणून हात.

ओटा गेल्यावर साचलेलं पाणी हललं आणि रेघेच्या जुन्या वाटेनं सरकत ओढ्याकडं गेलं. तळाला माझा फोन निघाला. शकुबाईनं काडीनं उचलला आणि माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, परत टाक.

सेक्रेटरी आला. कपाळावर हात मारला. "क्यों तोड़े अम्मा, तुम्हारा काम तो हो गया था!" म्हणतो, वरच्या फायलीत लिहिलं आहे की ओटा आधीपासून होता, त्यावर सही आहे, हुकूम झाला आहे, आता खोदकाम समोरूनच होणार. ओटा नाही हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, पण फायलीत ओटा अजून उभा आहे. तो फक्त कागदानं पडेल म्हणतो. दुसरा अर्ज पाहिजे. येत्या सोमवारी, पंधरा तारखेला.

तर बस आणि लिही. मॅडमसमोर लिही, चोरून नको. चाळीस पोरींना सांगायचं तर सांग, मला त्यांच्या घरी सोयरीक करायची नाही. आधीच्या अर्जात खोटं होतं ते अर्जदाराचं, लेखिकेचं नाही, हे पहिल्या ओळीत. अंगठा नको, मी सही करते, कागद द्वारकाबाईकडं दे. क्रम असा: आधी रेघ मारली होती. मग लग्न झालं. मग चंपाबाई देवाजीनं रेघेवर ओटा घातला, जाणूनबुजून. मग घाण साचली. मग खोटा अर्ज. मग ओटा तोडला, तिनंच. आता नाली जुन्या रेघेनं न्यावी, चंपाबाईच्या दारापुढून, आणि वर फरशा टाकाव्यात. फरशांचं विसरू नको, मी सुधारले असले तरी नाक तेच आहे. हॅड कुठं कुठं लागतो ते तू बघ. मला वाटतं पहिल्यालाच लागेल, बाकी सगळं त्याच्यामुळं झालं.

आणि उशीर करू नको. ओट्याचे चार सपाट दगड शकुबाईनं मला न विचारता उचलून माझ्याच मागच्या अंगणात नेले. न्हाणी बांधून राह्यली आहे, दीपमालाला आणि लेकराला न्हाऊ घालायला. दगड बसवून झाले. पाटावर बसून पाणी ओतून पाहिलं तिनं, उतार बरोबर आहे म्हणाली. आता त्या पाण्याला माझ्या दारापुढून जायला वाट पाहिजे.

आजी
चंपाबाई देवाजी